पाच नॉचची गाडी

माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून पाठवलेली गाडी आमच्या घरी आली, तेव्हा तिच्यासोबत चार पानांचं माहितीपत्रक होतं. ते घरात फक्त मी वाचलं, आणि तेही चार्जर जळल्यानंतर. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीस, हे दुसऱ्या पानावर चौकट करून छापलेलं होतं. मी व्यवसायाने ग्रंथपाल. लोकांनी आधी वाचावं आणि मग बोलावं, यासाठी सरकार मला पगार देत होतं. चार्जरचा धूर खिडकीतून बाहेर जात असताना बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या ग्रंथालयात असंच चालतं का?"

मग चौकातल्या बॅटरीवाल्याकडून मोटरसायकलची सहा व्होल्टची बॅटरी आणून सीटखाली बसवली. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. नागपूरचं प्रतापनगर तेव्हा शहराच्या कडेला होतं. दोन घरांच्या मध्ये रिकामे प्लॉट, आणि प्लॉटांत गाई. अशा वस्तीत आपोआप पळणारी लाल प्लास्टिकची गाडी आली, तर लोक बारशाला आल्यासारखे येऊन पाहून जाणारच. गाडी एका मुलापुरती होती. मागच्या चाकाला मोटर, पायाशी एक बटण. बटण दाबलं की गाडी सुटायची, सोडलं की थांबायची. याशिवाय तिला काही येत नव्हतं.

आमच्या मुलीला चालता येत नव्हतं, म्हणून मामाने ती पाठवली होती.

दीड वर्षाची असताना तिला ताप आला होता. तो उतरला, पण जाताना दोन्ही पाय आणि पाठीतलं निम्मं बळ घेऊन गेला. आता ती सहा वर्षांची होती. पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, कमरेला पट्टा. हात चांगले होते, जीभ हातांहून चांगली. मान मात्र कच्ची. रामदासपेठेतले डॉक्टर दर खेपेला तेच सांगत, मानेला हिसका बसू देऊ नका. शाळा, बाजार, लग्नकार्य, सगळीकडे ती कुणाच्या तरी कडेवरून जायची. त्या तापानंतर ती स्वतःहून कुठेही गेलेली नव्हती. अगदी या खोलीतून त्या खोलीतसुद्धा.

पायाशी असलेलं बटण तिच्या उपयोगाचं नव्हतं. एका इलेक्ट्रिशियनकडून ते काढून स्टिअरिंगजवळ बसवून घेतलं. गाडी तयार झाली, पण ती चालवायची कशी नाही, तर कधी, हा प्रश्न माझ्या वडिलांनी ताब्यात घेतला.

वडील निवृत्त हेडमास्तर. निवृत्तीनंतर शाळा सुटली होती, भाषणं सुटली नव्हती. नवं वाहन दसऱ्यालाच रस्त्यावर आणायचं असं त्यांनी जाहीर केलं. दसऱ्याच्या सकाळी अंगणात सडा पडला, गाडीला झेंडूची माळ चढली, शेजारपाजारचे वीसेक लोक जमले. वडील कोट घालून उभे राहिले आणि विज्ञान व संस्कृती यांच्या संगमाबद्दल पंधरा मिनिटं बोलले. मुलगी सीटवर बसून झेंडूच्या पाकळ्या खुडत होती. मग लिंबाची वेळ आली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडत पुढे जायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रकच्या चाकाला लिंबू म्हणजे काहीच नाही. आमच्या गाडीचं चाक ताटलीएवढं होतं. त्यातून वस्तू परदेशी, म्हणून वडिलांनी एक नाही, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. चांगली निवडून आणलेली, टणक.

मुलीने बटण दाबलं. गाडी हलली नाही; मोटर घुमायला लागली.

"दाबून ठेव बेटा," वडील म्हणाले आणि मदत म्हणून मागून गुडघ्याने हलकेच रेटा दिला.

गाडीने लिंबांवरून उडी मारली. मुलीची मान मागे गेली, मग पुढे आली, आणि हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. बटण हातातून सुटलं, गाडी जागच्या जागी थांबली, तेव्हा ती दुसऱ्यांदा आपटली. हनुवटीला दोन टाके पडले.

त्या दिवसापासून गाडी व्हरांड्यात जुन्या चादरीखाली गेली. बायकोने फार शब्द वापरले नाहीत. तिची बहीण दिवाळीला अमरावतीहून यायची होती. तिला दोन मुलगे होते. "ताई येईल तेव्हा गाडी घेऊन जाईल," ती म्हणाली. वडिलांनी त्या विषयावर तोंडच उघडलं नाही. पंधरा मिनिटं बोलणारा माणूस पंधरा दिवस गप्प राहिला, तेव्हा मला त्यांची पहिल्यांदा कीव आली.

मुलगी रडली नाही. हनुवटीची पट्टी निघाल्यावर एवढंच म्हणाली, "ते मुलं गाडी घेऊन काय करतील? त्यांना तर पाय आहेत."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दरम्यान एक तज्ज्ञही येऊन गेले. गल्लीच्या टोकाला इंजिनीअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक राहत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की, ही वेगनियंत्रणाची समस्या आहे. हे आम्हाला हनुवटीच्या टाक्यांवरून कळलं होतं. त्यांनी खडू मागितला, आमच्या फरशीवर आकृती काढली, थायरिस्टर नावाच्या वस्तूचं महत्त्व समजावलं, ती मुंबईहून मागवावी लागेल असं म्हणाले. तीनदा आले, तीनदा चहा झाला, तीन आकृत्या झाल्या. थायरिस्टर आला नाही. आकृत्या मोलकरणीने पुसल्या.

आमच्या मागच्या ओळीत एक काका राहत. तीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले. छताखाली रुळांवरून धावणारी, विजेवर चालणारी क्रेन. खाली हुकाला दहा-दहा टनांचं लोखंड लटकलेलं. काका रोज सकाळी आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येत. इस्त्रीचा पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, पायऱ्यांशी चपला एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घडी जशीच्या तशी घालून परत देत. दसऱ्याच्या सकाळी ते आमच्याकडे नव्हते. त्या दिवशी त्यांच्या घरची सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर असत. छप्पन साली आईला सोबत घेऊन तिथे गेल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. शिवाय बाहेरगावची मंडळी चार दिवस मुक्कामाला असत, म्हणून ते आले ते पाच दिवसांनी.

"हे काय झाकून ठेवलं, भाऊ?" त्यांनी चादरीकडे पाहत विचारलं.

मी सांगितलं. लिंबासकट सांगितलं. इतर सगळ्यांनी ही हकीकत ऐकून च् च् केलं होतं. काकांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"मान आधी मांगं गेली, का समोर?"

"मागे."

"मंग समोर कितीक वेळानं?"

मला आठवेना. असं काही मोजायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. काकांनी पेपरची घडी घातली. "पोरीले पाहू द्या मले," ते म्हणाले. "गाडी दुरुस्त करण्याले नाई. नुसतं पाह्यतो."

बायकोने दारातूनच सांगितलं, "काका, ती गाडी इथून जाणार आहे."

"जाऊ द्या बाई. जायच्या आंधी पाह्यलं तर काय बिघडते? बॅटरी काढून तुमच्यापाशी ठेवा."

ही अट तिला नाकारता आली नाही. बॅटरी मोरीशेजारी जाऊन बसली, आणि तिथून ती बायकोच्या परवानगीशिवाय हलायची नाही असं ठरलं. काकांनी मुलीला सीटवर बसवून घेतलं, गाडीच्या पुढच्या बाजूला सुतळी बांधली आणि ती हळूच ओढली. इतकी हळू, की गाडी बोटभर सरकली. मग थांबले आणि तोंडातल्या तोंडात मोजू लागले.

"काय मोजता?" मुलीने विचारलं.

"तुही मान. मांगं गेली, आता परत कधी येते ते पाहून राहिलो."

"माझी मान काय एसटी आहे?"

"एसटीपेक्षा बरी हाय, माय. वेळेवर येते."

चार दिवस हाच कार्यक्रम. सुतळी, बोटभर ओढ, मोजणी. जराशी जास्त ओढ, पुन्हा मोजणी. काका कानावरची पेन्सिल काढून एका पाकिटाच्या पाठीवर रेघा मारत. मी पायरीवर बसून पाहत होतो आणि मनात हसत होतो, हे कबूल केलं पाहिजे. पोशाखी गांभीर्याचा मला लहानपणापासून तिटकारा. घरातच त्याचा मोठा पुरवठा होता. प्राध्यापकांच्या खडूनंतर आता ही पेन्सिल, एवढंच माझ्या मनात आलं. काका चहासुद्धा घेत नव्हते. "कामावर हाय," म्हणत. सुतळी ओढण्याला काम म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

पाचव्या दिवशी मुलीने विचारलं, "काका, तुमची क्रेन किती जोरात पळायची?"

"गोगलगायीवानी."

"मग काय फायदा?"

"फायदा हाच, का खाली काम करणारे सारे जण संध्याकाळी आपापल्या घरी जायचे."

मग त्यांनी तिला समजावलं, आणि पायरीवर बसून मलाही समजलं. हुकाला लटकलेलं लोखंड एकदम ओढलं की ते झुलतं. दहा टन झुलायला लागले की ते कुणाचंही ऐकत नाहीत. म्हणून क्रेनच्या दांड्याला टप्पे असतात. त्यांना नॉच म्हणतात. पहिल्या नॉचवर क्रेन जेमतेम सरकते. झुललेला लोड मागून येऊन हुकाखाली सरळ होतो, मगच दुसरा नॉच. लोड यायच्या आधी दांडा पुढे सारणाऱ्या माणसाला केबिनमधून खाली उतरवतात.

"तुही मानही तशीच हाय," काका म्हणाले. "गाडी समोर जाते, मान मांगं राह्यते. तिले येऊ द्यायचं. आली का मंग दुसरा नॉच."

"म्हणजे मी लोड?"

"लोडही तूच, डायवरही तूच. हे क्रेनवर नसते. म्हणून इचार करून राहिलो."

माझं हसू त्या दिवशी थांबलं. प्राध्यापकांनी मोटर पाहिली होती, मी माहितीपत्रक वाचलं होतं. चार दिवस मान पाहणारा हा एकच माणूस होता.

मी माझ्या परीने मदत करायचं ठरवलं, म्हणजे ग्रंथालयातून विजेच्या आगगाड्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. ते गेल्या अकरा वर्षांत कुणी नेलं नव्हतं. काकांनी हात धुऊन ते मांडीवर घेतलं, सगळी चित्रं पाहिली आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ही माह्या क्रेनची बहीण होय." मग पुस्तक परत केलं आणि छपरावरून पडलेलं एक फुटकं कवेलू उचललं.

कवेलू म्हणजे कौल, भाजलेल्या मातीचं, म्हणून त्याला आच लागत नाही. आमच्या जुन्या विजेच्या शेगडीची कॉइल त्यांनी उलगडली, तिच्या तारेचे तुकडे करून चार-चार पदर एकत्र वळले आणि कवेलूवर गुंडाळले. मुलीची फुटलेली पाटी घेतली. तिच्यावर अर्धगोलात पितळी स्क्रू बसवले. प्रत्येक स्क्रूला तारेचा एकेक टप्पा जोडला. जुन्या मेन स्विचमधली तांब्याची पट्टी काढून तिचा दांडा केला. पाटी बटणाच्या जागी स्टिअरिंगजवळ बसली, कवेलू सीटमागे. दांडा पहिल्या स्क्रूवर असताना वीज सगळ्या तारेतून फिरून मोटरपर्यंत जायची, त्यामुळे दमून जायची. पुढच्या प्रत्येक स्क्रूवर तार थोडी कमी. दांड्याला एक बारीक स्प्रिंग होती. हात सोडला की दांडा आपोआप शून्यावर.

"चार का नाही, सहा का नाही?" मी विचारलं. स्क्रू पाच होते.

काकांनी पाकिटाची पाठ दाखवली. रेघा होत्या, त्यांच्या जुड्या होत्या. "हे पोरीच्या मानेनं सांगतलं," ते म्हणाले. "म्या नाई ठरोलं."

मग बॅटरी मागायची वेळ आली. ती मागायला काका स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "पोरीले नाई बसवत बाई. पाणी बसवतो."

सीटवर त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा ठेवला. वडील आरामखुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण अर्धा तास त्याचं पान उलटलं नव्हतं. काका गाडीच्या बाजूने वाकून चालत होते, एक हात दांड्यावर. पहिला नॉच. लोट्यातून पाणी सांडलं. सीटवर चांगलं ओंजळभर ओघळलं.

"झालं," बायको म्हणाली.

काका लोट्याकडे पाहत राहिले. मग खिशातून तार काढली, पहिल्या टप्प्यात आणखी दोन वेटोळी घातली, लोटा पुन्हा काठोकाठ भरला. यावेळी पाणी काठावर थरथरलं आणि थोडंसंच ओघळलं. आणखी एक वेटोळं. असं तीन दिवस चाललं. दिवाळी चार दिवसांवर आली होती. अमरावतीहून पत्र आलं होतं की मुलं गाडीसाठी वेडी झाली आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी लोटा भरला, काकांनी दांडा पहिल्या स्क्रूवर नेला, आणि काहीच झालं नाही. निदान मला तसं वाटलं. मी पाण्याकडे पाहत होतो. ते आरशासारखं स्थिर होतं. मग माझ्या लक्षात आलं की, पाण्यात दिसणारी आमच्या छताची कड सरकते आहे. गाडी निघाली होती. कधी निघाली, ते मी डोळ्यांनी पाहत असूनही मला कळलं नव्हतं. दुसरा नॉच, तिसरा. पाचव्या नॉचवर गाडी माणसाच्या चालीने जात होती आणि लोटा काठोकाठ होता. मी आयुष्यात मोठमोठ्या लोकांचे बरेच समारंभ पाहिले आहेत. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात त्यांना तोटा नसतो. कुठे माझ्या अंगावर काटा आल्याचं आठवत नाही. त्या सकाळी एका लोट्यातल्या पाण्याकडे बघून आला.

"काका," बायको एकदम म्हणाली, "जळल्याचा वास येतोय."

येत होता. सीटमागचं कवेलू तापलं होतं, तार निखाऱ्यासारखी मंद लाल झाली होती. चार्जरच्या धुराच्या आठवणीने मी उठून उभा राहिलो. पुस्तकात वाचलेलं तेवढ्यात मला आठवलं आणि ते मी बोलूनही टाकलं: ही पद्धत जुनी आहे, हिच्यात बरीच वीज उष्णता होऊन फुकट जाते.

"फुकट काहून जाईल, भाऊ?" काका कवेलूजवळ उकिडवे बसले. त्यांनी तळहात तापल्या तारेवर, शेकोटीवर धरावा तसा धरला. "बाई, इकडं या. हात धरून पाहा. गरम लागते नं?"

बायकोने हात धरला.

"जो हिसका पोरीच्या मानेले बसणार होता, तो हा होय. तिथं नाई गेला. इथं जळून राहिला."

बायकोने हात लगेच काढला नाही. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पदराला हात पुसून, मुलीला कडेवरून उतरवून, तिने स्वतः सीटवर बसवलं.

पुढची दोन दिवसांची शिकवणी आमच्या अंगणात झाली. काका शेजारी वाकून चालत. हात मात्र लावत नसत.

"पहिला. थांब. मान आली का?"

"येतेय."

"येतेय नाई चालत. आली का?"

"आली."

"मंग दुसरा."

कधी ती घाई करी. मान यायच्या आधी दांडा पुढे सारला की काका तिचा हात न धरता नुसते म्हणत, "उतर खाली केबिनमधून." आणि तिला दोन मिनिटं गाडीत बसून राहावं लागे. ती त्यांच्यावर चिडायची, पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दांड्यावर हात ठेवून ती स्वतःशीच पुटपुटत होती, "आली का? आली."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी अमरावतीची मंडळी यायची होती. सकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. मुलगी फाटकाच्या दिशेने तोंड करून गाडीत बसली होती. काका पायरीपाशी उभे. तिने दांड्याला हात लावला आणि मग काढून घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "लिंबू."

वडिलांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. मला वाटलं ती नको म्हणेल. ती आत गेली आणि एक लिंबू घेऊन आली. एकच. आणि ते वडिलांच्या हातावर ठेवलं.

वडील वाकले. त्या वयात त्यांना वाकायला त्रास होई. मागच्या चाकासमोर त्यांनी लिंबू ठेवलं, आणि उठून चार पावलं मागे सरकले. हात पाठीमागे बांधून, गाडीपासून जमेल तितके लांब.

काका माझ्या कानाशी म्हणाले, "आमच्या घरून लिंबू छप्पन सालीच गेलं. पण परीक्षा चांगली हाय. लोट्यापेक्षा चांगली." त्यांनी लिंबाकडे नाही, मुलीच्या मानेकडे डोळे लावले.

पहिला नॉच. चाक लिंबाला टेकलं आणि थांबलं. मोटर घुमू लागली; दसऱ्याचाच आवाज. वडिलांनी डोळे मिटले. दुसरा नॉच. चाक लिंबावर किंचित चढलं, थांबलं. मुलीचे ओठ हलत होते. तिसरा. लिंबू एका बाजूने दबायला लागलं, सालीवर घामासारखा रस आला. आणि ज्या क्षणी लिंबू फुटणार, त्याच्या आधी तिने दांडा एक टप्पा मागे घेतला. चाक लिंबावर टेकून राहिलं, आणि लिंबू सावकाश, आवाज न करता, चपटं होत गेलं. रस फरशीवर पसरला. चाक त्याच्यावरून उतरलं, जणू मध्ये काही नव्हतंच. मान सरळ होती. ती हललीच नाही.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि खिशात टाकली.

"मांगं घ्यायचं हे म्या नाई शिकोलं," ते हळू म्हणाले. "लोड पडायच्या आंधी एक नॉच मांगं. हे मले समजाले सात वर्सं लागली होती."

गाडी फाटकातून बाहेर पडली. अधिवेशनाआधी रस्ते डांबरण्याची सरकारी घाई त्या वर्षी आमच्या गल्लीपर्यंत कशीबशी पोहोचली होती. रस्ता नवा, काळा, गुळगुळीत होता. बायको तिच्या मागे दोन पावलं धावली आणि थांबली. मी फाटकाशी उभा होतो. मला काहीतरी अनोळखी दिसत होतं आणि काय ते कळायला वेळ लागला. मला माझ्या मुलीची पाठ दिसत होती. इतकी वर्षं ती कुणाच्या ना कुणाच्या कडेवर होती, खांद्यावरून मागे बघत. तिचा चेहराच नेहमी माझ्याकडे असे. तिची पाठ, दोन वेण्यांमधला भांग, फ्रॉकवरून दिसणारा पट्टा हे मी पहिल्यांदा पाहत होतो. ती आमच्यापासून लांब जात होती आणि मागे वळून बघत नव्हती. कोपऱ्यावर गाय उभी होती. गाडी पहिल्या नॉचवर आली, मग शून्यावर, गाय बाजूला होईपर्यंत तिथेच थांबली, आणि पुढे निघाली.

वडिलांनी घसा खाकरला. आता भाषण येणार म्हणून मी वळलो. त्यांनी वाकून चपटं लिंबू उचललं, झटकलं, आणि कोटाच्या खिशात ठेवलं.

दुपारी ताई मुलांना घेऊन आली. बायकोने दारातच तिला सांगितलं, "त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी बघू. ही रिकामी नाही."

काका तेव्हा व्हरांड्यात बसले होते. त्यांच्यापुढे चहाचा कप होता आणि ते तो पीत होते.